कोरसमधल्या चौघी

गाण्याच्या सदतिसाव्या सेकंदाला पाच बायका श्वास घेतात. जवळपास एका वेळी नव्हे, अगदी एकाच क्षणी. नीट कान दिला तर पाचही श्वासांच्या शेवटी तीच बारीक घरघर ऐकू येते. सहा हंगाम उसाच्या पाचटाची धूळ छातीत गेली की येते, तशी. खऱ्या पाच बायका असा श्वास घेत नाहीत. एखादी आधी घेते, एखादी मागे राहते.

पण त्या पाच नव्हत्याच. दिंद्रुडला युवराजच्या घरातल्या मागच्या खोलीत, भिंतींना वाकळा टांगून केलेल्या स्टुडिओत, माइकसमोर एकटी उभी होती ती त्याची बायको शिवकन्या. शेजारची पिठाची गिरणी दुपारी बंद झाली की तेवढ्या शांततेत रेकॉर्डिंग उरकायचे. मग युवराज तिचा आवाज एका सॉफ्टवेअरला द्यायचा. ते सॉफ्टवेअर मूळ सुराशी जुळणारे वरचे-खालचे सूर शोधायचे आणि त्याच आवाजाचे आणखी चार आवाज उभे करायचे. गायची एक, ऐकू यायच्या पाच.

युवराज कष्टाळू होता, हेही सांगायला हवे. ऊसतोडीतून सुटल्यावर जुना संगणक घेऊन तो हे सगळे स्वतःच शिकला. ऊसतोड बायकांवरचे हे गाणे त्यानेच लिहिले, चालही त्याचीच. त्यातल्या पहिल्या दोन ओळी तो गायला, बाकी सगळे शिवकन्या. इंटरनेटवर गाणे टाकताना मात्र त्याने लिहिले : ‘संगीत व गायन : युवराज. कोरस : आरोही, संस्कृती, तन्वी, स्वरांगी.’

या चौघी जगात कुठेही नव्हत्या. नावे मोठ्या स्टुडिओतल्यासारखी दिसावीत म्हणून त्याने ती बसल्या बसल्या रचली होती. आवाज पाच, नावे चार. पाचवी कोण, हे कुणी विचारले नाही.

“पुढच्या गाण्याला तुझं नाव टाकू,” असे तो गेल्या चार गाण्यांपासून म्हणत होता. शिवकन्या मान हलवायची. आज बोलू, उद्या बोलू, असे करत तीन वर्षे गेली होती.

त्या दिवशी सकाळी कडा गावाहून रामेश्वरचा फोन आला. तिथल्या महिला मेळाव्याची सगळी व्यवस्था त्याच्याकडे होती. युवराजने कौतुकाने स्पीकर चालू केला.

“युवराजभाऊ, गाणं लई गाजलंय! रविवारी त्या कोरसच्या चौघींना घिऊन या. शाल-नारळ देऊन सत्कार करू.”

“आणतो की!” युवराज म्हणाला आणि फोन ठेवून हसला. “माजलगावच्या बँडमधल्या चार पोरी बोलावतो. गाणं मागून वाजंल, त्यांनी नुसते ओठ हलवायचे.”

शिवकन्या परातीत पीठ मळत होती. तिचा हात थांबला. “आन मी?”

“तू बी चल की. पुढच्या रांगंत बस, व्हिडिओ काढ.”

किती सहज बोलला तो! स्वतःच्या आवाजावर दुसऱ्यांनी ओठ हलवायचे आणि त्याचा व्हिडिओ तिनेच काढायचा!

उंबऱ्याशी गवार मोडत बसलेली त्याची आई, दगडाबाई, हे सगळे ऐकत होती. तिने सूप बाजूला सारले.

“कोण रं ह्या चौघी? आपल्या दारी कधी चहाला बी आल्या न्हाईत.”

“माय, नुसती नावं हायत ती. सॉफ्टवेअरचे आवाज.”

“मग हिचं नाव कावून न्हाई?”

“घरातल्या बाईचं नाव असं गावभर करायचं? गाण्याखाली लोक काय काय लिहितेत, तुला ठाव न्हाई.”

“त्या चौघींबद्दल लिहिलं तर चालतंय? त्या कुणाच्या लेकी न्हाईत?”

“त्या न्हाईतच की, माय!”

“तेच म्हणते मी! ज्या न्हाईत त्यांना नाव हाय, आन जी हाय तिला न्हाई!”

युवराज चिडला. “आवाज कसा लावायचा ते म्या शिकवलं हिला. दोन-दोन दिवस बसून कोरस म्या बनवतो. अर्धं काम तर मशीनचं हाय.”

“आसं? मग हिचा आवाज काढ बरं त्यातून. राहिलेलं वाजव.”

आईचे तोंड बंद करावे म्हणून तो तरातरा मागच्या खोलीत गेला. त्या दोघीही मागोमाग गेल्या. त्याने पडद्यावरची शिवकन्याच्या आवाजाची पट्टी काढून टाकली आणि गाणे सुरू केले.

ढोलकी वाजली. त्याच्या दोन ओळी झाल्या. पुढे नुसती ढोलकी! पडद्यावर खालच्या चार आवाजांच्या रेघाही सपाट पडल्या होत्या. मूळ आवाजच नाही, तर सॉफ्टवेअर जुळवणार काय? आरोही नाही, संस्कृती नाही, कुणीच नाही!

दगडाबाईने ढोलकी संपेपर्यंत वाट पाहिली. “युवराज, तुझ्या बापासंगं म्या तीस हंगाम ऊस तोडला. मुकादमाच्या यादीत काय असायचं? ‘मोहनराव, एक कोयता.’ नवरा-बायको मिळून एक. त्यो तोडायचा, मी बी तोडायची. मोळ्या बांधून डोक्यावर म्या वाहायच्या. यादीत मात्र मी न्हाईच. मुकादम तरी परका व्हता. तू तर घरचा! तिथं दोघांचा एक केला, हितं एकीच्या पाच केल्या, तरी बाईच्या वाट्याला शून्यच? कसलं रं हे गणित?”

 ऊसतोडीच्या टोळीच्या यादीत सहा हंगाम युवराजचेही एकट्याचेच नाव होते. त्या वेळी शेजारी मोळी बांधणारी शिवकन्या त्याला आठवली. आपण मुकादमाचीच यादी पुढे लिहीत आलो, हे त्याला तेव्हा कळले.

मशीनला दोष देऊ नका. त्याला जो आवाज मिळाला तो त्याने इमानाने वाढवला. बाईचे नाव गाळायला कुठलेही सॉफ्टवेअर लागत नाही. ते काम आपण फार आधीपासून हातानेच करत आलो आहोत. घरात, शेतात, कचेरीत जिच्या कष्टावर आपले नाव उभे आहे तिचे नाव लिहिणे हे उपकार नव्हेत. तो साधा खरेपणा आहे.

युवराजने ती चार नावे पुसली. मग रामेश्वरला फोन लावला.

“रामेश्वरभाऊ, त्या चौघी येणार न्हाईत... म्हणजे त्या हायतच न्हाईत. म्या खोटी नावं टाकली...”

“आरं, मग गायलंय कोण?” पलीकडून प्रश्न आला.

युवराजने फोन शिवकन्यापुढे धरला. तिचे हात पिठाचे होते. तिने ते पदराला पुसले, फोन घेतला आणि म्हणाली,

“दादा, मी शिवकन्या बोलते. त्या गाण्यातल्या सगळ्या बाया मीच हाय. रविवारी कड्याला मी येणार, आन माझ्या नावानं गाणार.”