खालच्या गावची देवी

पाटाचं दार कोणी बंद केलं, हे कळायला पंचांग पाहायची गरज नव्हती. वरच्या गावानंच केलं होतं. खालच्या गावचा हरभरा ऐन फुलावर आणि शेतात पाणी नेणारी चारी कोरडी ठाक. सकाळी नऊला खालची पन्नास माणसं काठ्या-कुऱ्हाडी घेऊन निघाली, सगळ्यांत पुढे रामराव. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते, पण जित्याची खोड! पुढे राहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

समोर वरचं गाव. म्हणजे कोण? व्याही, साडू, मेहुणे! दोन्ही गावांची टेकडीवरची देवी एक, जत्रा एक, पंगत एक. रामरावांची लेक प्रेरणा तिथंच दिलेली. तिचा नवरा अमर दाराच्या चाकापाशी उभा होता.

"मामाजी, उद्या सोडतो पानी. आज वापस जा," तो हात जोडून म्हणाला.

"उद्या कायले? आज काहून नाई?" रामराव गरजले.

तेवढ्यात एक दगड आला आणि रामरावांच्या मुलाच्या, अंकुरच्या, कपाळावर बसला. मग कोण कुणाचं? फावडी खणाखणा वाजली. एकाचा हात मनगटापासून लोंबला. साडूनं साडूचे दात पाडले. अंकुर रक्तानं माखून खाली पडला होता आणि अमर त्याच्यावर वाकला. मारायला वाकला की उचलायला, हे पाहायची उसंत रामरावांनी घेतली नाही. बाजूच्या बैलगाडीचा उभा दांडा, उभारी, दोन्ही हातांनी उपसून त्यांनी जावयाच्या डोक्यात घातली. एकदा नाही, तीनदा.

महागावच्या दवाखान्यात पोचेपर्यंत अमर संपला होता.

"एकच देवी, एकच पंगत. मग एवढं कशासाठी?" दवाखान्याच्या आवारातच बेड्या घालताना ठाणेदारानं विचारलं.

पाण्यासाठी, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण एका दिवसाच्या पाण्यासाठी लेकीचं कुंकू पुसलं, हे सांगायला जीभ रेटेना.

"साहेब, अठरा वर्सं सरहद्दीवर काढली म्या," रामराव म्हणाले. "देश काहून लढतेत? देव वेगळा, रीत वेगळी, म्हनून. हे लोक बी तसेच. दिसतेत आपल्यासारखे, पन पहिलेपासूनच वेगळे. देवीले आमी नारळ पायरीवर फोडतो, थे उंबऱ्यावर."

धडधडीत थाप! जत्रेत ज्याला जिथं जागा मिळे तिथं तो फोडी. पण मागं उभ्या खालच्या गावानं माना डोलावल्या.

"खरं हाय. आपली देवीच वेगळी पायजे आता," कुणीतरी म्हणालं.

प्रेरणा शवागाराच्या दारातून आली. बापाकडे तिनं पाहिलंही नाही. डोक्याला पट्टी बांधलेल्या भावापाशी गेली आणि त्याचा हात धरून म्हणाली, "अंकुर, मले घरी ने रे. तिकडं आता मले कोन ठेवते?"

अंकुरनं हात सोडवून घेतला.

"तू त्यायच्यातली," तो म्हणाला.

रामराव ओरडले, "अबे, बहीन हाय थे तुही!" पण पोलिसांनी त्यांना गाडीत ढकललं होतं, आणि खालच्या गावातलं एकही माणूस तिच्यासाठी पुढे आलं नाही.