पुदिन्याचा डबा

बायको गेल्याचा फोन आला तेव्हा प्लंबर कुणाच्या तरी बेसिनखाली आडवा पडला होता. येतो, एवढंच तो म्हणाला आणि सैल राहिलेला नट आवळूनच उठला. काम अर्धवट टाकलं तर लोकांच्या घरात तळं होईल, एवढंच त्या क्षणी त्याला सुचलं. पुढे बरेच दिवस त्याला त्याची लाज वाटत राहिली.

घर दोन खोल्यांचं. स्वयंपाकघराच्या खिडकीत तिचे तीन डबे होते: पुदिना, लसणाची पात आणि कोथिंबीर. पुदिना तर बारा वर्षांचा, तीन घरं बदलून आलेला. तिच्यामागे तो तरी जगवायचा, असं त्याने मनाशी धरलं. आजवर त्याचा या डब्यांशी संबंध फक्त खाण्यापुरता होता.

पहिल्याच दिवशी पाणी घातलं, तर डब्यांच्या बुडातून टपटप सुरू झाली. बत्तीस वर्षं गळत्या बंद करण्यात गेलेला माणूस. थेंब दिसला की त्याचे हात शिवशिवायचे. त्याने बुडं पुसली, भोकं सिलिकॉनने बुजवली आणि वरून बोट फिरवून गुळगुळीत केली. मग रोज कामावर जाण्याआधी प्रत्येक डब्याला तांब्याभर पाणी. पानं पिवळी पडली, तसा तो दोन तांबे घालू लागला.

तिसऱ्या आठवड्यात मेव्हणी आली. तिने मातीत बोट खुपसलं, वास घेतला आणि डबा उचलून बूड पाहिलं.

"भावोजी, ही भोकं कुणी बुजवली?"

"मीच. गळत होतं."

"गळायलाच हवं. ताईनं खिळा तापवून मुद्दाम पाडली होती. एवढं पक्कं काम तर तुम्ही गिऱ्हाइकाचंही करत नाही."

ती हसायला गेली आणि मधेच थांबली. तिचं होतं नव्हतं तेवढंही आपण घालवलं, असं तो खाली बघून म्हणाला. मेव्हणीने त्याची समजूत काढली नाही. बाह्या सारून तिने पुदिना मुळासकट उपसला. मुळं काळी, सडलेली. एका काडीचा शेंडा मात्र हिरवा होता. तेवढा कापून, खालची पानं काढून तिने तो ग्लासभर पाण्यात ठेवला आणि पाणी रोज बदलायला बजावलं. बाकीच्या दोन डब्यांत काही उरलं नव्हतं.

दहाव्या दिवशी काडीला दोऱ्यासारखी पांढरी मुळं फुटली. त्याने लगेच मेव्हणीला फोन केला. आता मातीत लावा, फार दिवस पाण्यात ठेवू नका, ती म्हणाली. त्याने नवी माती आणली, भोकं मोकळी केली, डबा भरून ठेवला.

काडी लावायची अजून राहिली आहे; मातीत गेली की मुळं दिसायची नाहीत, म्हणून तो रोज ग्लासातलं पाणीच बदलतो.