उरलेल्या पैशांतली पेटी

बोलतेय ती मी, कॉम्प्युटरच्या पोटात मागच्या कोपऱ्यात बसणारी काळी लोखंडी पेटी. पॉवर सप्लाय म्हणतात मला. नाव लक्षात राहिलं नाही तरी चालेल, आजवर कुणाच्या राहिलंय? भिंतीतून वीज येते ती आडदांड. आतल्या नाजूक मंडळींना ती तशी पचत नाही. मी ती आधी माझ्या पोटात घेते, शांत करते आणि ज्याला जेवढी सोसेल तेवढीच वाढते. मी वाढलं नाही तर तो मिजासखोर प्रोसेसर म्हणजे दगड आणि ते महागडं ग्राफिक्स कार्ड म्हणजे पत्रा.

तरी खरेदीत माझा नंबर शेवटचा. सगळं घेऊन झाल्यावर खिशात जे उरतं, त्यात मी. आणि मग म्हणायचं, कॉम्प्युटर टिकला नाही!

माझं तसं नव्हतं. समुद्रापलीकडच्या कारखान्यात मला बायकांनी हातांनी जोडलं. तांबं घालताना कंजुषी केली नाही, म्हणून मी जड. चेन्नईत मैलापूरच्या सदगोपन नावाच्या माणसानं मला घेतलं. लग्नाच्या चित्रफिती जोडायचा धंदा त्याचा. पाच वर्षं त्याची मशीन मी एकदाही बंद पडू दिली नाही. मग तोच गेला, छातीत कळ येऊन. बायकोनं मशीन रिची स्ट्रीटवर, कॉम्प्युटरच्या जुन्या-नव्या सामानाच्या बाजारात, आणून विकली. तिथले दुकानदार मीरान भाई, त्यांनी ती उघडली, बाकीचं विकून टाकलं, मला मात्र काउंटरवर ठेवलं. कुणाचं कार्ड जिवंत आहे की मेलेलं, हे बघायचं तर ते मला जोडायचं. सहा वर्षं मी ते काम केलं. खरं-खोटं सांगणारी मी, पण मला विकत कुणी मागितलं नाही.

एका बुधवारी सकाळी पूंगोदै आली. टी. नगरच्या साड्यांच्या दुकानात दिवसभर उभी राहणारी मुलगी, तेवीस-चोवीसची. सोबत वडील तणिगाचलम, पेरांबूरच्या रेल्वेडब्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. मुलीच्या हातात भिंतीवरच्या रोजच्या कॅलेंडरचं फाडलेलं पान. त्याच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूला यादी.

यादी तिच्या भावाची, कदिरवनची. वय एकोणीस. लहानपणापासून त्याचे स्नायू झिजत चाललेत. आधी पाय गेले, मग खांदे. आता उजव्या हाताची तीन बोटं तेवढी त्याची उरली होती. व्यासर्पाडीत राहायचं, जिथं गल्लीगल्लीत पोरं अनवाणी फुटबॉल खेळतात, आणि आपण खिडकीतून बघायचं! कॉम्प्युटरवरचा फुटबॉल तीन बोटांनी खेळता येतो. मोबाईल त्याला धरवत नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, बोटं अजून वर्षभर साथ देतील, फार तर दीड.

"भाई, पंचेचाळीस हजार आहेत. त्यावर एक रुपया नाही," पूंगोदै म्हणाली.

मीरान भाईंनी चष्मा लावून यादी वाचली आणि मान वर केली. "हे कुणी लिहिलं?"

"माझ्या भावानं सांगितलं, मी लिहिलं."

"त्याला माझ्या दुकानात बसव, पोरी. मी घरी जाऊन झोपतो."

खरंच शहाणी यादी होती. प्रोसेसर मागच्या पिढीतला, कारण नव्याला दुप्पट पैसे पडतात आणि फुटबॉलला तो लागत नाही. ग्राफिक्स कार्ड वापरलेलं, पण समोर अर्धा तास चालवून घ्यायचं. हे सगळं बसवायचा डबा साध्यात साधा. आणि तिसऱ्या ओळीत मी! म्हणजे माझ्यासारखी एक चांगली, जड पेटी, कंपनीच्या नावासकट. खाली दोन रेघा, शेजारी लिहिलेलं: 'इथं पैसे वाचवायचे नाहीत.' सहा वर्षांत हजारो याद्या पाहिल्या मी. त्या पोराला मी तोंड न पाहता आपलं म्हटलं.

कार्ड मलाच जोडून तपासलं. सगळं जमलं. फक्त ती पेटी दुकानात नव्हती, चिंताद्रिपेटच्या गोदामातून यायची होती. आणायला गेलेला माणूस स्कूटर घेऊन माउंट रोडच्या गर्दीत अडकला.

तणिगाचलमनी यादीचं पान उलटलं. पुढच्या बाजूला तारीख, तिथी आणि ठळक अक्षरांत राहुकाळ: बारा ते दीड. त्यांनी घड्याळ पाहिलं. पावणेबारा.

"बाराच्या आत घेऊन निघायचं," ते म्हणाले.

"अप्पा, पंधरा मिनिटांत येईल तो."

"आणि नाही आला तर?"

"मग दीडनंतर घ्या अण्णा," मीरान भाई म्हणाले. "राहू काय मुक्कामाला येतो का? चहा मागवतो."

"दीडपर्यंत पोराला कोण बघेल? शेजारीण एकला कामावर जाते. त्याला कूस बदलायलाही माणूस लागतं."

"मग उद्या या."

"उद्यापासून आडी महिना. आडीत नवीन काही सुरू करतात का?"

"आडीत तर सगळं चेन्नई खरेदीला निघतं! सूट असते."

"साड्यांना असते. माझ्या पोराच्या आयुष्याला नसते. महिनाभर थांबू? किती महिने आहेत त्याच्याकडे?"

मी त्या म्हाताऱ्यावर चिडलेली आहे, पण खोटं नाही बोलणार. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

तेवढ्यात पूंगोदैनं मला उचललं. दोन्ही हातांनी, वजनाचा अंदाज घेत. "भाई, ही द्या ना. अर्धा तास हिच्यावरच कार्ड चाललं. हूं की चूं केलं नाही हिनं."

"ने," मीरान भाई म्हणाले. "मनापासून सांगतो, ने. मैलापूरच्या एका माणसाची होती. तो गेला, त्याच्या बायकोनं विकली."

एवढं बोलायला नको होतं त्यांनी.

"मेलेल्या माणसाची?" तणिगाचलम मागं सरकले. "विधवेनं विकलेली वस्तू, माझ्या आजारी पोराच्या उशाशी? ठेव ती खाली, पूंगोदै."

"अप्पा, लोखंडाला काय कळतं..."

"ठेव म्हणतो ना!"

तिनं मला खाली ठेवलं. त्या बाईनं नवरा गमावला तो काय हौसेनं? आणि मी काय गुन्हा केला होता? नऊ-नऊ तास न थांबता शेकडो लग्नं पार पाडली मी, आणि शेवटी अपशकुनी ठरले!

फळीवर एक पेटी होती. नवीकोरी, बाजूला लाल-निळे दिवे लुकलुकणारे. वजनाला कागदी पुडी. मीरान भाईंनी ती तळहातावर उडवून दाखवली. "अण्णा, हिच्यात काही नाही. बघा तरी."

"नवीन आहे ना? चालते ना? द्या."

बाराला चार मिनिटं कमी असताना ते बाहेर पडले. पूंगोदैनं दारातून वळून माझ्याकडे पाहिलं. बारा वाजून दहा मिनिटांनी गोदामातला माणूस घामाघूम होऊन खोकं घेऊन आला.

पुढचं मला तिच्याच तोंडून कळलं. साडेतीन महिने ते घर उजळलं होतं म्हणे. खिडकीतून बघणाऱ्या कदिरवनच्या खिडकीतून आता गल्ली आत बघायची. बाहेर चेंडू लाथाडणारी दांडगी पोरं ओळीनं येऊन त्याच्याकडून हरायची. "ए, रडू नकोस, जा तुझ्या अम्माला पाठव, तिला दोन गोलांची सूट देतो," असं तो म्हणायचा. तणिगाचलम दारात उभे राहून प्रत्येक गोल मोजायचे.

ऑक्टोबरअखेरच्या पावसात वीज गेली आणि एकदम जोरात आली. त्या दिव्यांच्या पेटीत झटका अडवायला काही नव्हतंच. एक फट् असा आवाज, जळका वास. ती मेली ती मेली, जाताना मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड घेऊन गेली.

पुन्हा पैसे जमायला पाच महिने लागले. पूंगोदै मार्चच्या अखेरीस आली, एकटीच. मीरान भाईंनी बोर्ड आणि कार्ड पडत्या भावात दिलं. मग तिनं माझ्यावर हात ठेवला.

"वडील?" त्यांनी विचारलं.

"त्यांनीच सांगितलं, ती काळी पेटी आण म्हणून. कॅलेंडर काढून टाकलंय त्यांनी भिंतीवरचं." तिनं कापडी पिशवीचं तोंड उघडलं. "माझा तंबी, कदिरवन, त्यांना काही बोलला नाही, भाई. एकदाच म्हणाला, अप्पा, तुमचा राहू दीड तासात जातो, माझा महिनोन्महिने बसलाय. हसत म्हणाला. त्या दिवशी अप्पा जेवले नाहीत."

मीरान भाईंनी माझे पैसे घेतले नाहीत.

कापडी पिशवीतून, बसमधून मी व्यासर्पाडीला आले. तणिगाचलमनी स्वतः मला डब्यात बसवलं. रेल्वेचे डबे जोडलेले हात ते, चार स्क्रू आवळायला कितीसा वेळ! पण आवळून झाल्यावरही ते हात माझ्यावर बराच वेळ राहिले. माफी मागत होते की काय, कोण जाणे. मी काही लगेच विरघळणारी नाही.

बटण दाबलं. मी वीज वाढली, पडदा उजळला, हिरवं मैदान आलं. पूंगोदैनं भावाचा हात उचलून कळांवर ठेवला, एकेक बोट नीट लावलं. खेळ सुरू झाला. पडद्यावरचा खेळाडू जागचा हलेना.

"दाब ना रे," ती म्हणाली.

"दाबतोच आहे, अक्का."

डॉक्टरांनी वर्ष म्हटलं होतं. बोटांनी तेवढीही वाट पाहिली नव्हती. चांगली बोटं होती तेव्हाचे पाच महिने काळ्या पडद्यासमोर गेले, ते मी कुठून आणून वाढू? माझ्या पोटात वीज आहे, वेळ नाही.

आता रोज संध्याकाळी तणिगाचलम कळांपाशी बसतात आणि पोरगा उशीवरून सांगतो.

"डावीकडे, अप्पा! डावीकडे! तो आपला माणूस आहे, त्याला का पाडता?"

"सगळे सारखेच दिसतात रे."

"आपले पिवळे! काल सांगितलं, परवा सांगितलं. रेल्वेनं तुम्हाला तीस वर्षं ठेवलं कसं?"

जाड बोटं एका वेळी दोन कळा दाबतात. रोज सात-आठ गोलांनी हरतात. हरल्यावर म्हातारा म्हणतो, "आणखी एक?" आणि पोरगा म्हणतो, "आणखी एक." त्याचा आवाज पूर्वीपेक्षा बारीक झालाय. लांबलचक वाक्य बोलताना मध्येच श्वास घ्यावा लागतो. पूंगोदै ते ऐकते आणि स्वयंपाकघरात निघून जाते. मलाही ऐकू येतं.

माझं आता वय झालं. पंखा घरघरतो, उन्हाळ्यात अंग पेटतं. मला दया नको, कौतुक तर मुळीच नको. एकच मागणं आहे, तेही या तिघांकडेच. पूंगोदै, माझी घरघर वाढली की त्याच दिवशी जा आणि माझ्यासारखीच जड दुसरी घेऊन ये. महिना कुठला, वार कुठला, कुणाच्या घरातून आलेली, काही विचारत बसू नकोस. मला खुशाल भंगारात टाक. फक्त त्याला "डावीकडे, अप्पा" एवढं म्हणता येतंय तोवर हा पडदा एक संध्याकाळसुद्धा काळा ठेवू नकोस.