पावडर लावलेली पेशंट

वलगावच्या माणिकबाईंचा भाजीचा मळा होता, आणि दवाखान्यात जायची त्यांची एक ठाम रीत होती. डॉक्टरपुढे मूल न्यायचं म्हणजे पाहुण्यांपुढे न्यायचं. आंघोळ, डोक्याला तेल, दोन घट्ट वेण्या, लग्नाकार्याचा फ्रॉक, तोंडाला पावडर. शिवाय भल्या माणसाच्या अंगावर खोकायला नको म्हणून गालात ज्येष्ठमधाची कांडी.

नातीला, मोनालीला, तीन आठवडे खोकला होता. कोरडा, पत्र्यावर खडे पडावेत तसा. दुपार झाली की अंग तापायचं. पण पोरगी अंथरुणाला पाठ टेकेल तर शपथ. वांग्यांच्या वाफ्यांतून बकरीमागे धावायची, थांबून खोकायची, पुन्हा धावायची. शेजारचे नत्थुजी म्हणायचे, हे शाळा बुडवायचं नाटक आहे.

साल दोन हजार सहा. कापसाचा भाव पडलेला, घराघरात माणसं मुकी झालेली. शेतकऱ्यांच्या हालाची पाहणी करायला शहरातून वह्या घेऊन लोक यायचे, ओट्यावर बसून नाना गोष्टी विचारून जायचे. पोरांच्या खोकल्याचा रकाना त्यांच्या वहीत नव्हता. मोनालीचे आईबाप कामासाठी परतवाड्याला, पोर आजीच्या भरवशावर. तिच्या पाठीला कान लावला की बारीक कुरकुर ऐकू यायची आणि माणिकबाईंना घास गिळवत नसे.

गावातल्या डॉक्टरांनी गुलाबी औषध दिलं. बाटली संपली, खोकला तिथंच. मग अमरावतीच्या एका मोठ्या डॉक्टरांना दाखवून झालं. त्यांच्यापुढे मोनाली लग्नातल्या करवलीसारखी बसली, एकदाही खोकली नाही, उलट खुर्ची फिरवून पाहिली. डॉक्टर हसले, मुलगी ठणठणीत आहे म्हणाले आणि आजीलाच शक्तीच्या गोळ्या लिहून दिल्या. माणिकबाई रस्ताभर कष्टी होत्या. पोरीची वागणूक चांगली झाली याचं समाधानही होतं.

तिसऱ्या डॉक्टर जेबा. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या, नव्यानंच अमरावतीत आलेल्या. माणिकबाईंनी सगळी हकीकत सांगितली. डॉक्टरांनी एकदा आजीकडे पाहिलं, एकदा पावडरीकडे.

"पोट्टीच्या गालात काय आहे?"

"ज्येष्ठमध जी. तुमच्यासमोर खोकलली तर बरं दिसते काय?"

"मावशी, मी खोकला पाहाले बसली इथं. तुमी तो घरीच ठेवून येऊन राहिल्या."

कांडी थुंकवली. मोनालीला जिना दोनदा चढायला-उतरायला लावला. दुसऱ्या फेरीला असा खोकला सुटला की बाहेर बसलेल्या लोकांनी आपापली मुलं जवळ ओढली. माणिकबाईंनी लाजेनं पदर तोंडाला लावला, आणि पदराआड त्यांना हायसं वाटलं.

छातीच्या फोटोत डाव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात पांढरा डाग निघाला. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जिथल्या तिथं, पण अंगातली आग दाखवणारं सीआरपी चढलेलं, आणि ईएसआरच्या नळीत रक्त भराभर खाली बसलेलं. मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूचा निमोनिया असावा, डॉक्टर म्हणाल्या. यात मूल चालतं-फिरतं, छाती मात्र आतून दुखणं धरून असते.

मग गुलाबी औषध काहून लागलं नाही, हे माणिकबाईंना समजेना. डॉक्टरांनी समजावलं, "ते औषध जंतूचं कुंपण पाडते. याले कुंपणच नाही, तर पाडन काय?"

मळ्याच्या मालकिणीला हे लगेच पटलं. दुसरं औषध सुरू झालं, आणि त्याबरोबर पंधरा दिवस धावणं बंद, असा हुकूम.

चौथ्या दिवशी ताप गेला. खोकला हळूहळू विरत चालला. मोनालीला मात्र हुकूम भलताच मानवला. ती दिवसभर गोधडी पांघरून पडू लागली, पाणीही जागेवर मागू लागली. मग गावाला खात्री पटली. बायका पेज घेऊन आल्या. नत्थुजी संत्री घेऊन आले, उशाशी बसले आणि हळहळले, "आता कशी खरी बिमार दिसून राहिली बिचारी. मले पयलेच शंका होती."

माणिकबाई संत्रं सोलत होत्या.

"बरी झाली ते, नत्थुजी," त्या म्हणाल्या. "म्हणून तर पडून आहे."

आणि सोललेलं संत्रं त्यांनी स्वतःच खाल्लं. कित्येक आठवड्यांनी पहिल्यांदा त्यांना चव लागली होती.