पहिली गाडी

पारोळ्याच्या रस्त्यालगत, कापूस निघालेल्या काळ्या रानात दरवर्षी आमच्या मोटारगाड्यांची शर्यत असते. एकेक गाडी सुटते, घड्याळ लागतं. पहिलं जायला कुणीच तयार नसतं. वरच्या भुसभुशीत मातीत पहिल्या गाडीची चाकं घसरतात, मागच्यांना दबलेली वाट मिळते. म्हणून चिठ्ठ्या टाकतात. माझा भाऊ प्रशीलदादा मात्र चिठ्ठी न उचलताच पहिला सुटायचा.

तो आजारपणात गेला. त्यानंतरच्या शर्यतीत त्याचीच गाडी मी चालवली, सगळ्यांच्या शेवटी. दादाच्या सगळ्यात चांगल्या वेळेपेक्षाही कमी वेळ लागला.

"भावापेक्षा बहीण भारी शे!" शर्यत भरवणारे बन्सीलाल आबा माइकवर ओरडले. टाळ्या पडल्या.

माझं डोकंच फिरलं. मी माइक ओढून घेतला. "कसली बरोबरी करताय, आबा? त्याची वाट त्यानंच केली होती. मला ती तुम्ही सगळ्यांनी करून दिलीत."

आबांनी फळ्यावरची माझी वेळ पुसली.

पुढच्या वर्षी चिठ्ठी न उचलता पहिली मी सुटले. दादाच्या वेळेच्या खूप मागे राहिले. कुणी टाळी वाजवली नाही. गाडी बंद करून मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. दादा किती जोरात जायचा, ते मला त्या दिवशी कळलं.