वाल बांधायचं फडकं

मी एक जुनं सुती फडकं आहे. मित्रांनो, धोंडूबाई दवाखान्यातून परत येणार नाहीत हे ज्या सकाळी कळलं, त्या सकाळी माझ्या पोटात त्यांनीच बांधून ठेवलेले वाल होते. घर माणसांनी भरलं. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. मोड लांबले, माझ्यातून बाहेर आले, मग वाल नासले. शेवटी शेजारच्या खदीजाभाभींनी मला उकललं, धुतलं आणि दोरीवर टाकलं.

माझा जन्म निजामपुऱ्यातल्या एका लूमवर झाला. डाग पडला म्हणून मला ताग्यातून कापलं. तिथे ड्युटी करणारे तुळशीराम मला घरी घेऊन आले.

"दुसऱ्यांचे नवरे साड्या आनतात," धोंडूबाई म्हणाल्या. पण त्यांनी मला उकळून माझी खळ काढली आणि वाल बांधायला ठेवलं.

वज्रेश्वरीला नवस बोलून त्यांनी मासळी-मटण सोडलं होतं. तुळशीराम चिडवायचे, "अगो, पाल्यावर मानूस जगतं का?"

"भात न् वाल एका ताटात घ्या, मंग सांगा."

मोड आले की कोमट पाण्यात वाल टाकून दोघं समोरासमोर बसायची. तुळशीरामांना लूमच्या तेलाचे हात धोंडूबाई आधी साबणाने धुवायला लावायच्या. मग एकेक वाल चिमटीत दाबून सोलायचा. "कसे एकसारखे मोड आलेत!" असं धोंडूबाई म्हणाल्या की ते कौतुक माझंच आहे, असं मला वाटायचं.

त्या गेल्यावर मी दोरीवरच वाळत राहिलं. तुळशीराम नुसता भात शिजवत. वर मीठ. चार दिवसांपूर्वी त्यांची मुलगी ऋतिका कशेळीहून आली. ती नर्स आहे. बापाच्या गळ्याची हाडं पाहून ती दारातच थांबली.

"बाबा, नुसता भात?"

"पोट भरतं."

"पोट भरतं, पण अंग झिजतंय. मासळी आणू?"

"तुझ्या आयनं सोडली ती. न्हाय खायाची मी."

"मग वाल करा. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यातली नऊ आपल्याला खाण्यातूनच घ्यावी लागतात. भातात त्यातलं एक कमी पडतं, ते वालात भरपूर असतं. वालात जे कमी, ते भातात मिळतं. दिवसभरात दोन्ही पोटभर खाल्लं की सगळी मिळतात."

तुळशीरामांनी फळीवरून वालाचा डबा खाली काढला. मग म्हणाले, "ती हेच सांगायची. मी हसायचो."

ऋतिका गेल्यावर त्यांनी वाल भिजवले आणि मला दोरीवरून काढलं. गाठ फार आवळली. पण सकाळ-संध्याकाळ माझ्यावर पाणी शिंपडायला ते विसरले नाहीत. मोड आले, थोडे वाकडे.

आज त्यांनी पाणी कोमट केलं, हात साबणाने धुतले आणि दोन पाट मांडले. एकावर बसले. समोर पाहिलं. पाणी गार झालं.

खदीजाभाभी दारातून म्हणाल्या, "खोलो तो सही, भाई. फिर सड़ जाएंगे. मी येऊ सोलायला?"

"नको. एकट्यानं कधी सोलले न्हाईत. बसतो जरा."

मित्रांनो, तुमच्या ओळखीचं कुणी एकटं जेवत असेल, तर त्याच्या ताटात काय आहे ते एकदा पाहून या. बसलात तर फारच बरं.

माझी गाठ अजून सुटलेली नाही. वाल सोलायचे राहिले आहेत.