अठ्ठेचाळीस व्होल्ट

आवाज टिपण्यात माझी बावीस वर्षं गेली, आणि नेमकी ताईच्या वेळी मी माती खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन करून तिचं स्वरयंत्र काढणार होते. लेक पोटुशी, होणाऱ्या नातवंडाला आजीचा आवाज ऐकायला मिळावा, एवढंच ताईला हवं होतं. साधा डायनॅमिक माइक नेला असता तर निभावलं असतं, त्याला वीज लागतच नाही. पण मी पडलो अतिशहाणा. श्वाससुद्धा टिपतो म्हणून कंडेन्सर नेला. त्याला रेकॉर्डरमधून अठ्ठेचाळीस व्होल्ट द्यावे लागतात आणि सेल भराभर उतरतात. म्हणून चहाला थांबलो की त्या विजेचं बटण बंद करायची माझी कंजूष सवय. त्या दिवशी चहा झाला तरी ते बंदच राहिलं. मी हेडफोन लावला की ताई लाजायची, म्हणून तोही गळ्यातच होता. ती दोन तास बोलली. लेकीच्या लहानपणीच्या गोष्टी, अंगाई, बाळाला चार शब्द.

तिला ऑपरेशनला आत नेल्यावर बाहेरच्या बाकावर मी फाइल लावली. दोन तास नुसती शांतता. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

काय सुचलं कोण जाणे, मी ते बटण दाबलं, माइक समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे केला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं.

"दाबलंस एकदाचं?" कानात ताई म्हणाली. "आता गप्प बस."

हेडफोन काढला. व्हरांड्यात कुणाच्या तरी चपला वाजत होत्या, बस. पुन्हा लावला, तर ताई बोलत होती. कालच्याच गोष्टी, त्याच क्रमाने; काल जिथे खोकली होती तिथेच खोकली. पण भीतीपेक्षा मोठी काळजी बॅटरीची होती. एकच रेघ उरली होती. नवे सेल खिशात होते, पण ते घालायचे तर रेकॉर्डर बंद करावा लागणार. बंद केल्यावर ती परत आली नाही तर?

अंगाई सुरू झाली तेव्हा रेघ लुकलुकायला लागली. ताईने लय वाढवली, बाळाला घाईघाईने दोन शब्द सांगितले आणि पडदा काळा झाला.

थोड्या वेळाने डॉक्टर बाहेर आले, सगळं नीट पार पडलं म्हणाले. मग कुठे मी सेल बदलून पाहिलं. नव्या फाइलमध्ये ताईचा आवाज शाबूत होता.

संध्याकाळी ताई शुद्धीवर आली. कालची फजिती तिला सांगायची माझी छाती नव्हती.

"सगळं छान आलंय, ताई," मी म्हणालो.

तिने खुणेनेच पाटी मागितली. अक्षर वाकडंतिकडं आलं.

'छान कसलं? शेवटचं कडवं गाळावं लागलं मला. नवे सेल खिशात काय उबवायला ठेवले होतेस?'